हमिंगच्या खाली

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शाळा लवकर सुटली, आणि पक्कड धरायची सवय झालेल्या हातात पेन नीट बसत नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. शब्दही साधेच आहेत, घरात बोलतो तेच. आणखी एक. ‘मी’ लिहिलं की लाजच वाटते, हात पुढे सरकत नाही. म्हणून दोन भावांतल्या लहान भावाला इथं ‘धाकटा’ म्हटलंय. मोठा तो दादा.

१

दोघं भाऊ सभागृहांमध्ये माइक-स्पीकर बसवून द्यायचं काम करत. बोलायचं काम दादाचं, ऐकायचं धाकट्याचं. दादा आडव्या अंगाचा, गडगडाटी हसणारा. गिऱ्हाईक रागावून आलं तरी जाताना त्याच्या खांद्यावर हात टाकून जाई. धाकट्याला मात्र अनोळखी माणसापुढे शब्द फुटत नसे. वडील गेले तेव्हा तो अगदी लहान होता. दादानंच त्याला वाढवलं, कामाला लावलं, वायर कशी गुंडाळायची ते शिकवलं. एक वेढा सरळ, पुढचा उलटा, म्हणजे वायरला पीळ बसत नाही. दादाशिवाय त्याला जगात दुसरं कुणी नव्हतं. हे तो कधी बोलला नाही, पण दादा शिडीवर चढला की याचा हात आपोआप शिडीला जाई.

त्या दिवशीचं सभागृह म्हणजे पूर्वीचा पोहण्याचा तलाव. पाणी काढून टाकलेलं, वर लोखंडी तुळया टाकून त्यांवर लाकडी फळ्या ठोकलेल्या. भिंतींवर कमरेपर्यंत पांढऱ्या टाइल तशाच होत्या, आणि पाण्यात टाकायच्या औषधाचा वास अजून गेला नव्हता. फळ्यांवरून चाललं की पावलं पोकळ वाजत. खुर्च्या मांडल्या होत्या त्यांच्या खाली रिकामा हौद होता. दाराकडे उथळ, मंचाकडे खोल.

खाली उतरायला दोन झाकणं ठेवली होती. एक दाराजवळ, एक मंचाच्या कडेला. सकाळी आल्या आल्या दादा दाराजवळच्या झाकणातून वायर घेऊन उतरला आणि मंचाजवळ शिडीनं वर आला. गुडघ्यावरची धूळ झटकत म्हणाला, “गार आहे रे खाली. उन्हाळ्यात बिऱ्हाड करायला बरी जागा.”

राखणीला असलेल्या मावशी दारातून म्हणाल्या, “करा की. भाडं मी घेईन.” मग धाकट्याकडे बघून, “हा तुमचा भाऊ बोलतो का हो, का यालाही बटण आहे?”

“आहे ना,” दादा म्हणाला. “इतकी वर्षं शोधतोय, मला सापडलं नाही.”

धाकटा मान खाली घालून माइकचे आवाज जुळवायच्या मिक्सरच्या पिना जोडत राहिला. पण त्याला हसू आलं होतं.

२

स्पीकर चालू केले आणि सभागृहभर घूंऽऽ असा आवाज पसरला. याला आमच्या धंद्यात हमिंग म्हणतात.

या सभागृहाचा कारभार पाहणाऱ्या मॅडम नेमक्या तेव्हाच आत आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथं म्हातारी माणसं आपल्या आठवणी सांगणार होती आणि ते सगळं ध्वनिमुद्रित व्हायचं होतं. मॅडम म्हणाल्या, “बोलता बोलता ही माणसं थांबतात हो. ते थांबणंसुद्धा मला हवंय. त्यात हे घूं घूं नको.”

“संध्याकाळपर्यंत टाचणी पडली तरी ऐकू येईल,” दादानं छातीवर हात ठेवून सांगितलं. त्या गेल्यावर धाकट्याला म्हणाला, “शब्द मी दिलाय, पाळ तू.”

हमिंगमध्ये भुताखेताचं काही नसतं. या स्पीकरच्या पोटातच त्यांची ताकद असते, म्हणून त्यांना विजेची वायर वेगळी लागते आणि आवाजाची वेगळी. मिक्सरला वीज दाराजवळच्या बोर्डवरून मिळत होती, स्पीकरना मंचामागच्या बोर्डवरून. दोन्हींचं अर्थिंग एकसारखं नसतं. मधली लांबलचक आवाजाची वायर त्या दोघांना जोडते आणि वाट गोल पूर्ण होते. त्या वाटेवरून थोडी थोडी वीज फिरत राहते. स्पीकर तीच ऐकवतात. काही लोक सरळ अर्थिंगची पिन तोडून मोकळे होतात. मग एखाद्या दिवशी माइकला ओठ लागले की माणूस आडवा होतो. दादानं ते कधी करू दिलं नाही.

धाकट्यानं दाराजवळच्याच बोर्डवरून जाड वायर काढली आणि समोरच्या भिंतीच्या कडेनं, आवाजाच्या वायरीपासून लांब ठेवून, स्पीकरपर्यंत नेली. आता सगळ्यांना वीज एकाच जागेवरून. हमिंग निम्म्यावर आलं.

आणि त्याच्या खाली काहीतरी होतं.

धप्प.

मऊ, हलका आवाज. जमिनीवर पडलेली आवाजाची वायर कुणी उचलून हातात घेतली की स्पीकरमधून असाच आवाज येतो. या कामातल्या माणसाला तो झोपेतही ओळखू येईल. धाकट्यानं मान वर केली. दादा दारात मावशींबरोबर चहा पीत होता. वायरीजवळ कुणी नव्हतं.

३

उंदीर असेल, असं त्याला आधी वाटलं. पण उंदीर वायर कुरतडतो, उचलत नाही. मग फळ्या असतील. ऊन वर आलं की लाकूड बोलतं. हे पटण्यासारखं होतं. त्यानं ते स्वतःला पटवून दिलं आणि कामाला लागला.

हमिंग कुठून येतंय ते शोधायला एक एक जोडणी सोडवून बघायची असते. त्यानं वायरीचं टोक मिक्सरमधून उपसलं. आता त्या वायरीला या बाजूला काहीच जोडलेलं नव्हतं, दुसऱ्या टोकाला फक्त स्पीकर होते. उरलेलं हमिंग जरा वाढलं. म्हणजे ते वायरीतच शिरत होतं, वाटेत कुठंतरी. तो कान लावून उभा राहिला.

धप्प. मग बारीक खरखर, वायरीवरून बोटं फिरवल्यासारखी. फिरत फिरत लांबपर्यंत गेली आणि थांबली.

दाराजवळच्या झाकणाशी त्यानं वायरीचा मोठा सैल वेढा ठेवला होता, कमी पडली तर असावी म्हणून. त्याची नजर सहज तिकडे गेली. वेढा लहान होत होता. झटक्यानं नाही. कुणाला कळू नये अशा बेतानं, घंगाळातलं पाणी ओसरावं तसा.

तो धावला नाही. दोन पावलं पुढे गेला आणि वायरीवर बूट ठेवला.

वेढा थांबला. खरखरही थांबली. तिकडे कुणाच्या तरी लक्षात यावं की इकडे कुणीतरी आहे, तशी थांबली.

“दादा.”

“बोल की.”

“वायर आपोआप आत जातेय.”

दादानं वाकून बघितलं, बोटानं वायर उचलली, सोडली. “तळ उतरता आहे ना बाबा. आपल्याच वजनानं घसरत असेल.”

तेही बरोबर होतं. तळ मंचाकडे उतरताच होता. धाकट्यानं मान डोलावली. पण एवढी जड वायर सकाळपासून गप पडली होती, ती दुपारीच का घसरायला लागली, हे त्याच्या मनातून जाईना.

४

वायर वाटेत हमिंग कुठून उचलते ते दादानंच सांगितलं. खाली दिव्यांच्या विजेचा पाइप होता, आणि सकाळी घाईघाईत त्यानं आवाजाची वायर त्याच पाइपाला लांबपर्यंत बांधली होती. दोन्ही शेजारी शेजारी धावल्या की हमिंग आलंच. वायर सोडवून लांब न्यायला हवी होती, आणि पाइप ओलांडायचाच तर सरळ काटकोनात ओलांडायला हवा होता.

“मी जातो खाली,” धाकटा म्हणाला.

“तू? कान तुझे, पाय माझे. वर थांब आणि ऐक.”

“दादा, नको जाऊस.”

दादानं त्याच्याकडे नीट बघितलं. धाकटा कामाच्या बाबतीत ‘नको’ कधी म्हणत नसे. “काय झालं रे?”

सांगण्यासारखं काय होतं? एक धप्प, एक वेढा.

“घाबरट लेकाचा,” दादा प्रेमानं म्हणाला आणि झाकणातून उतरला.

खालचा आवाज वर नीट येत नाही म्हणून दोघांची खुणेची रीत होती. वायरीला दोन हिसके म्हणजे सैल सोड. एक म्हणजे थांब. धाकटा झाकणाशी उकिडवा बसला, वायर तळहातांत धरून. दादाचा टॉर्च खांबांमधून लांब लांब गेला आणि दिसेनासा झाला.

दोन हिसके. त्यानं वायर सोडली.

हमिंग झर्रकन खाली आलं. दादानं पाइपापासून वायर सोडवली असणार. धाकट्याला हायसं वाटलं.

पुन्हा दोन हिसके. त्यानं सोडली. पुन्हा दोन. सगळा सैल वेढा संपला. दादाला एवढी वायर कशाला लागतेय? त्यानं मिक्सरजवळ उरलेल्या गुंडाळीतली उलगडून द्यायला सुरुवात केली. हिसके नेमके होते, घाई नव्हती. तो देत गेला.

“कुणाला देतोयस?”

दादा त्याच्या मागे उभा होता. हात ओले, रुमालानं पुसत.

“मंचाकडून कधीच वर आलो मी. त्या कपडे बदलायच्या खोल्यांच्या बोळातून जाऊन हात धुतले. हमिंग गेलं की नाही?”

धाकट्याच्या तळहातात वायर होती. त्यावर दोन हिसके आले.

दादानंही ते पाहिले. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यात आधीचं काही उरलं नाही. मग त्यानं वायर धाकट्याच्या हातातून काढून घेतली आणि खाली ठेवली. “खिळ्याबिळ्यात अडकून ताणली असेल,” तो म्हणाला. “ताण सुटला की हिसका बसतो.”

एवढं बोलून दादा मिक्सरकडे वळला.

५

शेवटी राहिलं होतं ते बारीकसं हमिंग. त्यासाठी मिक्सर आणि वायर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरची छोटी डबी बसवायची असते. आवाज तिच्यातून पार जातो, पण दोन बाजू तारेनं जोडलेल्या राहत नाहीत. धाकट्यानं डबी बसवली आणि हमिंग पार गेलं.

इतकी शांतता त्याला नको होती.

मॅडमना बोलावलं. त्या सभागृहाच्या मध्यावर उभ्या राहिल्या, डोळे मिटले. “वा,” म्हणाल्या. “आता आवाज वाढवा बरं जरा.”

दादानं वाढवला. थोडा वेळ काहीच नाही. मग स्पीकरमधून अगदी हळू यायला लागलं. सरक. धप्प. सरक. धप्प. एकसारखं, मन लावून चाललेलं.

“माइक बंद आहे ना?” मॅडमनी विचारलं.

“बंद आहे.”

“मग हे कुणीतरी काहीतरी गुंडाळतंय असं का वाटतंय?”

धाकट्यालाही ते ओळखू आलं होतं, फक्त मनानं नाव घेतलं नव्हतं. एक वेढा, मग दुसरा. मध्ये हात उलटा करायला लागतो तेवढी फट.

“नवीन लाकूड आहे, सुकतंय,” दादा म्हणाला आणि त्यानं आवाज कमी केला. “उद्या येणार नाही. माझा शब्द.”

मॅडम गेल्या. त्यांच्या सँडलांचा पोकळ आवाज दारापर्यंत गेला. मग दादा म्हणाला, “सकाळी मी खाली जातो, जास्तीची वायर ओढून आणतो आणि कुठं अडकलीय ते सोडवतो.”

“राहू दे ना तिथंच. मी भिंतीवरून नवी टाकतो. माझ्याकडे दुसरी आहे.”

“आणि ही? तांब्याची एवढी वायर खाली सोडायची? बापाचा माल आहे का?”

“दादा, तू खाली जाऊ नकोस.”

“का?”

“मला माहीत नाही.”

“मग झालं तर,” दादा म्हणाला. त्याला स्वतःलाच जावंसं वाटत नव्हतं, हे धाकट्याला दिसलं. पण धाकट्या भावासमोर आणि दारातल्या मावशींसमोर एकदा म्हटलं म्हणजे दादा जाणारच. दादाचं सगळं आयुष्य असंच गेलं होतं, म्हणून तर धाकटा जगला होता.

६

दादा सामान गाडीत ठेवायला गेला. पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन आत येऊन टाइलांवर पडलं होतं. मावशी खुर्च्या पुसत होत्या. धाकटा झाकण उघडून पालथा झोपला, डोकं आत घातलं आणि टॉर्च लावला.

खांब. कोरडी निळी फरशी. दिव्यांचा पाइप. वायर त्याच्या नाकाखालून निघून उतारावरून खोल बाजूला गेलेली. त्यानं टॉर्च तिच्या बाजूनं पुढे नेला.

बरीच लांब ती फरशीवर पडलेली होती. पुढे फरशीवरून सुटली होती. हळूहळू वर चढत, कशालाही न टेकता, अंधारात गेली होती.

टॉर्चच्या उजेडाची ताकद जिथं संपत होती तिथं त्याला गुंडाळी दिसली. त्यानं दुपारी दिलेली सगळी वायर. नीट गोल, एकसारख्या वेढ्यांची, कुठं पीळ नाही. ती फरशीवर नव्हती. माणूस हातात धरतो त्या उंचीवर होती.

तो बघत असतानाच गुंडाळीत आणखी एक वेढा पडला. मग ती थोडी वळली. टॉर्चच्या दिशेनं.

“पडशील रे आत,” मावशी मागून म्हणाल्या. “काय हरवलंय का?”

त्यानं टॉर्च विझवला. “नाही,” म्हणाला. दिवसभरात तो मावशींशी बोललेला तो एकच शब्द.

७

रात्री त्याला झोप लागली नाही. दादा शेजारच्या खोलीत घोरत होता आणि तो घोरण्याचा आवाज धाकटा ऐकत राहिला. इतका चांगला आवाज त्याला कधी वाटला नव्हता. पहाटे तो उठला, गाडीची किल्ली घेतली आणि दादाला न उठवता निघाला.

मावशींनी दार उघडलं. “एकटाच?”

त्यानं मान डोलावली.

आधी त्यानं नवी वायर भिंतीवरून, खिडक्यांच्या वरून टाकली आणि दोन्ही टोकं जोडली. स्पीकर चालू केले. स्वच्छ. काहीच नाही, खरंच काहीच नाही. मग जुन्या वायरीचं मंचाकडचं टोक झाकणातून खाली सोडलं, ते झाकण स्क्रू पिळून पक्कं बंद केलं आणि दाराजवळच्या झाकणाशी येऊन तो जुनी वायर वर ओढायला बसला. ती वर आली की दादाला खाली जायचं कारणच उरणार नव्हतं.

एवढी लांब वायर एकट्यानं ओढली की फरशीवर घासते, खांबाला अडते, शिव्या खाते. पलीकडून द्यायला माणूस लागतो. चांगला देणारा एका जागी उभा राहत नाही. तो वायर हातात तोलून, देत देत, ओढणाऱ्याकडे चालत येतो, म्हणजे ती घासत नाही.

वायर घासत नव्हती.

ती अलगद वर येत होती, त्याला हवी तेवढी, त्याला हवी तेव्हा. त्यानं वेग वाढवला तर तीही भराभर आली. त्याच्या पायाशी ढीग झाला. आता थोडीच राहिली असेल, असं त्याच्या हातांना कळलं, आणि त्याबरोबरच दुसरंही कळलं. वायर संपत आली होती, म्हणजे देणारा इथंच, झाकणाखाली आला होता.

त्याचे हात थांबले. खालूनही थांबलं. झाकणातून गार हवा वर येत होती.

पळून जावं असं त्याला वाटलं. पण पळाला असता तर थोड्या वेळानं दादा आला असता, अर्धवट ओढलेली वायर बघून एक शिवी हासडली असती आणि खाली वाकला असता. धाकट्याला ते डोळ्यांपुढे स्पष्ट दिसलं. दादाची रुंद पाठ, झाकणात जाणारी.

वर वायर उरलीच नाही, तर दादा वाकेल कशासाठी? त्यानं पायाशी पडलेली वायर उचलली आणि खाली द्यायला लागला. हिसका न देता, हळूहळू. खालून ती घेतली जात होती. मध्ये एकदा त्याचा हात चुकला, गाठ बसली. तो गाठ सोडवत असताना खालच्यानं वाट पाहिली. मग पुन्हा घेतली. धाकट्यानं एकदाही आत बघितलं नाही. समोरच्या भिंतीवरची एक टाइल तडकलेली होती, तिच्याकडे बघत राहिला.

शेवटी त्याच्या हातात वायरीचं टोक उरलं. त्याला जड लोखंडी पिन होती. खाली फरशी होती, छातीभर खोल, कोरडी. त्यानं हात झाकणावर धरला आणि बोटं सोडली.

तो ऐकत राहिला. त्याचे कान चांगले आहेत, सगळेच म्हणतात.

पिन पडल्याचा आवाज आला नाही.

मग त्यानं झाकण लावलं, चारही स्क्रू घट्ट पिळले, आणि दादा येईपर्यंत त्याच्यावर उभा राहिला.